जिथं दिसत नाही तिथली रेघ

विशाखा,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी मिळून तुला शांत करून टाकलं. एकेक जण माइकपाशी यायचा आणि म्हणायचा, डॉक्टर मॅडम शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी तुझ्या माईजवळ सतरंजीवर बसले होते आणि माझी नुसती चुळबुळ चालली होती. तू शांत? एक्स-रे काढताना मोबाइल कानाला लावून उभ्या असलेल्या गिरणीमालकाला, 'फुफ्फुस तुमचं आहे का फोनचं, ते आधी ठरवा,' असं सगळ्या पेशंटांसमोर ऐकवणारी तू? शेवटी तुझ्या नवऱ्यानं, सुधाकरभाऊजींनी, माझ्याकडे बघितलं, दोन शब्द बोल म्हणून. मी उठलेच नाही. तुझ्याबद्दल बोलायला माझ्याकडे जे होतं ते एका भांडणातलं होतं, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. एक्स-रेवरच्या खुणा कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवायच्या यावरून आपण दोघी किती कडाकडा भांडलो, हे मी पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या त्या बायांना कसं सांगणार होते?

म्हणून ते इथं लिहिते आहे. तू गेल्यापासून एका जागी बसवत नाही. लॅपटॉप उघडते, तू खुणा केलेल्या एक्स-रेच्या फिल्मा बघते, बंद करते. पाणी प्यायला उठते आणि पाणी न पिताच परत येते. माझा नवरा म्हणाला, काही दिवस ते काम बाजूला ठेव. पण ते बाजूला ठेवता येत नाही, कारण तुझ्यामागे त्याचा निर्णय मला घ्यायचा होता, आणि तू तो मला न विचारता माझ्या गळ्यात टाकून गेलीस. दुपारच्या वेळी सेंटरमध्ये खुर्चीवरून खाली कोसळलीस काय आणि संपलीस काय. तुझा मला रागच येतो, हे आधी सांगून टाकते.

आठवतं का, हे सगळं कसं सुरू झालं? आंधळगावच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या आपण दोघी. तू एक्स-रे वाचणारी डॉक्टर झालीस, तुमसरला सेंटर टाकलंस. मी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत गेले आणि लॅपटॉप घेऊन भंडाऱ्याला परत आले. माझ्या त्या नोकरीला तू कधीच नोकरी मानलं नाहीस.

"सुमे, तू घरीच बसून राहिली ना दिवसभर?" असा तुझा फोन आला.

"बसून नाही राहिली, काम करून राहिली."

"तेच ते. मंग माह्यं एक काम कर."

नागपूरच्या एका कॉलेजातली काही मंडळी छातीचा एक्स-रे वाचणारा प्रोग्रॅम बनवत होती. जिथं एक्स-रेचं मशीन आहे पण वाचणारा डॉक्टर नाही, अशा ठिकाणांसाठी. कॉम्प्युटरला शिकवायचं तर आधी कोणीतरी जाणत्या माणसानं हजारो फिल्मांवर दाखवून द्यायला हवं, की बाबा, हा डाग, हे पाणी, ही गाठ. ते दाखवायचं काम तू घेतलंस. आणि तू दाखवलेलं नीट साठवायचं काम मला दिलंस, म्हणजे लादलंस.

तू ते का घेतलंस हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. आसगावची एक बाई लेकीकडे तुमसरला आली होती आणि खोकते म्हणून लेकीनं तिला तुझ्याकडे आणलं. तिच्या पिशवीत एक जुनी फिल्म निघाली. धानाच्या रोवणीआधी कुठंतरी काढलेली, आणि रोवणी होऊन कापणी झाली तरी कोणीही न वाचलेली. घरी खिळ्याला, छत्रीशेजारी टांगून ठेवली होती. त्या फिल्मवर फुफ्फुसाच्या तळाशी पाणी नुकतंच धरायला लागलेलं दिसत होतं. तू नवी फिल्म काढलीस तेव्हा अर्धी बाजू भरली होती. बाई वाचली, पण ते फुफ्फुस कामातून गेलं. "फोटो तं निघाला होता वं," तू म्हणालीस, "पाहणारंच कोनी नव्हतं." हे सांगताना तुझा आवाज चढला होता. माझ्यावरच ओरडते आहेस असं वाटलं.

तर फॉरमॅट. सुरुवातीला तुझा राजूभाऊ, तुझ्या सेंटरचा टेक्निशियन, तू खुणा केलेल्या फिल्मा जशाच्या तशा चित्र म्हणून पाठवायचा. बाण आणि गोल चित्रातच मुरलेले. नागपूरच्या सरांचा फोन आला, की तुमच्या मॅडमच्या फिल्मांवर प्रोग्रॅम फुफ्फुस बघतच नाही, लाल बाण शोधतो. तू इतकी हसलीस की तुझा चहा टेबलावर सांडला. "माह्याच बानानं शिकला ना तो, शहाना आहे!" मग मी सांगितलं, की चित्र वेगळं आणि खुणा वेगळ्या फाइलीत ठेवायच्या. खूण म्हणजे नुसते बिंदू. तू कडेकडेनं पेन फिरवायचा, मी ते बिंदू ओळीनं लिहून ठेवणार, सोबत तुझं नाव आणि तारीख, आणि पेशंटचं नाव मात्र कुठंच नाही. चित्राला हात लागत नाही. हे तुला पटलं. आपलं एकमत झालेली ती पहिली आणि बहुधा शेवटची गोष्ट.

त्यानंतर ते डमरू निघाले. तुझी काढायची एक रीत होती. सावलीची कड एका जागेपासून धरायचीस, दिसेनाशी झाली की पेन उचलायचीस, परत पहिल्या जागी यायचीस आणि उलट्या बाजूनं निघायचीस, तिकडेही दिसेनासं होईपर्यंत. माझ्या प्रोग्रॅमला ते काय कळणार? त्यानं सगळे बिंदू आले तसे जोडले. फिल्म उघडली तर डागाच्या जागी दोन तुकडे, मधे एका टोकाला चिकटलेले.

"अवं सुमे, पेशंटच्या छातीत डमरू कायले ठेवलं?"

मी तुझा अर्धा भाग उलटा फिरवून जोडला. डमरू गेलं, आणि मग तुला ती सरळ रेघ दिसली. खरं भांडण तिथून.

त्या दिवशी तू फोन केला नाहीस. राजूभाऊच्या मोटारसायकलवर मागे बसून थेट भंडाऱ्याला माझ्या घरी आलीस, चप्पल काढता काढता बोलायला लागलीस. "ही सरळ रेघ कोनं काढली? मी नाही काढली." मी तुला समजावलं, की या फॉरमॅटमध्ये आकार बंद असावा लागतो. जिथं तू सोडलंस तिथून जिथं तू सुरू केलंस तिथपर्यंत प्रोग्रॅम आपला आपण जोडून घेतो. आकार बंद नसेल तर त्याला आत-बाहेर नाही, आत-बाहेर नाही तर मोजायचं काय? सगळं जग असंच करतं. तू ऐकून घेतलंस. तुझ्या बाबतीत हे धोक्याचं लक्षण असायचं.

मग तू मला फिल्म समजावलीस. डाग जेव्हा हृदयाला किंवा फुफ्फुसाखालच्या पडद्याला चिकटून असतो, तेव्हा दोघांचा रंग फिल्मवर सारखाच पांढरा येतो आणि मधली कड पुसली जाते. ती कड आहे, पण दिसत नाही. "दिसत नाही तिथं मी रेघ कशी काढू? अन् ही तुझी सरळ रेघ पाय. छातीत आडवी सरळ रेघ मंजे आत पानी अन् हवा दोन्ही, असा अर्थ होते वं. ते पाहून कोनी सुई टोचन पेशंटले." मी म्हटलं, प्रोग्रॅमला इतका अर्थ कळत नाही. तू म्हणालीस, मग तो शिकून काय राहिला?

मी तरी कुठं ऐकणार. मी म्हटलं, विशाखा, अंदाजानं काढ. तुला अनुभव आहे, तुझा अंदाज चुकणार नाही. त्यावर तू मला तुमच्या घरच्या बोडीची आठवण करून दिलीस, धानाच्या खाचरांना, म्हणजे बांध्यांना, पाणी पुरवणाऱ्या त्या शेतातल्या तळीची. भर पावसात बोडीचं पाणी वर चढून बांधीतल्या पाण्यात मिसळलं की काठ दिसत नाही. त्यातच एकदा तुझ्या काकाच्या हट्टापायी मोजणीवाले आले, त्यांनी नकाशावर काठाची रेघ ओढली आणि गेले. पाणी उतरल्यावर काठ निघाला भलतीकडेच, पण कागदावर रेघ होती, म्हणून तुझे बाबा आणि काका मरेपर्यंत बोलले नाहीत. "बाबा मनत, त्यायनं लिहाले पायजे होतं, सध्या पानी आहे, दिसत नाही, उन्हाळ्यात या. तेवढं लिहाची जागाच नव्हती त्यायच्या कागदावर."

"माझ्याही फॉरमॅटमध्ये ती जागा नाही," मी म्हटलं.

"मंग जागा कर ना. कायले शिकली इतकं?"

मी केली नाही. म्हणजे करत होते, पण सावकाश. त्या जागेनं सगळंच गळ्याशी आलं असतं. नागपूरच्या मंडळींची बाकीची सगळी साधनं बंद आकारांवर चालतात. तुझ्या उघड्या रेघा ठेवल्या तर त्या फाइली कोणाकडेच उघडणार नाहीत, आणि कोणाकडे उघडल्याच नाहीत तर त्या आसगावच्या बाईला त्यांचा उपयोग काय? हे मी तुला अनेकदा विचारलं. याचं उत्तर तू कधी सरळ दिलं नाहीस. "तुह्या डोक्यात घुसत नाही" एवढंच म्हणायचीस आणि पोह्यांना अजून शेंगदाणे हवे होते असं काहीतरी काढायचीस. तेव्हाही मला वाटायचं आणि आताही वाटतं, की प्रश्न बिनतोड होता. आणखी एक सांगते. काही फिल्मांवर तुला कड दिसत होती आणि केवळ माझी जिरवायला तू रेघ उघडी सोडलीस, असा माझा पक्का संशय आहे. आता हे कोणाला विचारू?

शेवटचा फोनही त्याच विषयावर. तू घाईत होतीस, मागे पेशंटांचा गलका होता. "रविवारी ये. चिकन करतो, अन् मंग पोटभर भांडून घेऊ." मी म्हटलं बरं. रविवार यायच्या आधी तू गेलीस. मला बरेच दिवस रविवारी काहीतरी राहून गेल्यासारखं होतं आणि मी विनाकारण सुधाकरभाऊजींना फोन करते. ते बिचारे प्रत्येक वेळी विचारतात, काही काम होतं का?

तू गेल्यावर आठवडाभरात नागपूरच्या सरांचा फोन आला. माणूस वाईट नाही. आधी तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, मॅडमच्या ज्या फिल्मांवर रेघा अर्धवट आहेत, त्या आमच्याकडचा एक तरुण डॉक्टर पूर्ण करून देईल. मॅडमचं नाव तसंच राहील, त्यांच्या कामाचा मान राहील.

अर्धवट हा शब्द ऐकला आणि माझ्या कानशिलात कोणीतरी मारल्यासारखं झालं. गंमत बघ, हाच शब्द मी तुझ्या तोंडावर कितीदा वापरला होता. पण तो दुसऱ्यानं वापरल्यावर सहन झाला नाही. मी म्हटलं, सर, त्या अर्धवट नाहीत. तिला जेवढं दिसलं तेवढं तिनं काढलं, ते काम पूर्ण आहे. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मान्य आहे. पण मग त्या जागी आमच्या प्रोग्रॅमनं करायचं काय, ते सांगा."

हे तुला विचारायला हवं होतं ना? मला काय विचारता? मी एक्स-रेतलं ओ की ठो न कळणारी बाई. फोन ठेवून मी गच्चीवर नुसत्या येरझारा घातल्या. एकीकडे तू न काढलेल्या रेघेखाली तुझं नाव. दुसरीकडे तू काढलेल्या रेघा, जशाच्या तशा, आणि कुठेच न उघडणाऱ्या. पहिल्यात तू खोटी पडतेस आणि दुसऱ्यात तू वाया जातेस. यातलं तुला कोणतं चाललं असतं? मला खरंच माहीत नाही. तुझी बाजू घेऊन मी माझ्याशीच भांडायला लागले, तुझ्या आवाजात, तुझ्या शिव्यांसकट. आणि अशा भांडणात मी हरायला लागले तेव्हा मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. ते इतकं सोपं होतं की मला रडू आलं. तुझ्यासमोर हे सुचलं असतं तर चिकन माझ्या हातचं खावं लागलं असतं तुला, तेवढी शिक्षा मी नक्की दिली असती.

मी ती जागा केली, विशाखा. तुझी प्रत्येक दिसलेली कड स्वतंत्र रेघ म्हणून ठेवली, दोन्ही टोकं उघडी. मधल्या भागासाठी तिसरीच खूण केली, आत नाही, बाहेर नाही, 'इथे दिसत नाही'. तुझं नाव फक्त तुझ्या रेघांवर आहे. आणि सरांना सांगितलं, की प्रोग्रॅम त्या जागी आला की त्यानं रेघ काढायची नाही. त्यानं थांबायचं आणि लिहायचं, 'इथून पुढे दिसत नाही, डॉक्टरांना विचारा.' म्हटलं, त्या तरुण डॉक्टरांकडून आता खोट्या रेघा काढून घेण्यापेक्षा, प्रोग्रॅम थांबेल त्या फिल्मा बघायला त्यांना मोकळं ठेवा.

सरांनी लगेच हो म्हटलं नाही. बाकी साधनांचं काय, फाइली आमच्याकडे उघडणार कशा, हे सगळे माझेच जुने प्रश्न त्यांनी मला विचारले, आणि मी तुझ्यासारखी ताडताड उत्तरं दिली. शेवटी तडजोड अशी ठरली. ज्या फिल्मांवर तुझा आकार मुळातच बंद आहे, त्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये जाणार. उघड्या रेघांच्या फिल्मा आपल्या फॉरमॅटमध्ये, आणि त्यांच्यावर शिकलेला कच्चा प्रोग्रॅम काही दिवस तुझ्याच सेंटरवर चालवून बघायचा. थांबण्याचा उपयोग दिसला तर ठेवायचं. नाही दिसला तर ते म्हणतील तसं, सगळ्या रेघा बंद. म्हणजे दीड वर्षं तू जे म्हणत होतीस ते एका मशीनवर आणि थोड्या पेशंटांवर येऊन ठेपलं. माझी झोप तेव्हापासून आणखी गेली.

प्रोग्रॅम बसवताना राजूभाऊंचा फोन आला. "ताई, हे मशीन पुसून राहिलं, डॉक्टरले विचारा मनलं तं कोन्या डॉक्टरचा नंबर टाकू?" त्या रकान्यात आधीपासून तुझा नंबर होता. मीच टाकला होता, चाचणीसाठी. रकाना रिकामा ठेवता येत नाही, तसं मीच लिहून ठेवलंय. मी राजूभाऊंना म्हटलं, राहू द्या, मी बघते.

भंडाऱ्याला एक नवी डॉक्टर आली आहे, प्रणाली नावाची, मूळची गोंदियाकडची. वयानं पोरगीच आहे. फोनवरून फिल्मा बघायला तयार झाली. तुझा नंबर काढून तिचा टाकायला मला दोनदा बसावं लागलं. पहिल्यांदा काढला आणि परत तुझाच टाकला. नेमकं काय वाटलं ते सांगता येत नाही. लिहून ठेवलेली इतकी माहिती रोज मी पुसते, पण हा एक नंबर पुसवेना.

काल पहिली फिल्म थांबली. तांदळाच्या गिरणीत पाखडणीचं काम करणारी एक बाई, महिनाभर खोकला. डाव्या बाजूला, हृदयामागे, प्रोग्रॅमनं थोडी कड धरली आणि 'इथून पुढे दिसत नाही' लिहून तो थांबला. राजूभाऊंनी फिल्म प्रणालीला पाठवली आणि मला फोन केला, आणि फोन चालूच ठेवला. मला पक्कं वाटत होतं की ती आता म्हणेल, यात काय, एवढी सोपी कड आहे, हे घ्या. नव्या पोरी धीट असतात. तिनं तसं म्हटलं असतं तर रेघ बंद होती, सरांच्या सगळ्या रेघा बंद होत्या, आणि मी हरले होते. म्हणजे तू.

तिनं बराच वेळ घेतला. मग राजूभाऊंच्या दुसऱ्या फोनवरून तिचा आवाज आला, थोडा बिचकत, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. "दादा, मलेबी इथून पुढं काही दिसत नाही जी. बाईले घरी जाऊ देऊ नका. बाजूनं उभं करून आखीन एक एक्स-रे काढा, मंग पाहू."

राजूभाऊ तिला हो म्हणाले आणि मग मला म्हणाले, "आयकलं का ताई?" मी ऐकलं होतं. तेवढ्यात मागून त्यांनी बाईला हाक मारली, की मावशी, पिशवी ठेवा खाली, तुम्हाले अजून जायाचं नाही.